एका धातूची कथा

कोरियन भाषा शिकू लागलेल्या मराठी माणसास ‘खाणे’ या अर्थाचे क्रियापद प्रारंभीच चकविते. शब्दकोशात ते ‘मॉक्ता’ असे भेटते. सौजन्याने ‘खातो’ म्हणताना ‘मॉगॉयो’ असा उच्चार होतो, तर साध्या विधानात ‘मॉङ्नुन्दा’. मॉक्, मॉग् आणि मॉङ् हे तीन धातू की एकच? वाक्, वागीश आणि वाङ्मय यांचे एक कुळ ज्याने ओळखले आहे, त्यास उत्तर अवघड वाटू नये. धातू एकच आहे. शेजारच्या ध्वनीमुळे त्याचे अंत्य व्यंजन पालटते. भेद आहे तो लेखनात. आपण संधी लिहून दाखवितो. कोरियन लेखनात धातू तसाच राहतो आणि संधी जिभेवर सोपविला जातो.

ही शिस्त आरंभापासून नव्हती. राजा सेजोंग याने १४४६ साली २८ अक्षरांची नवी लिपी प्रसृत केली. पुढे कित्येक शतके, प्रत्यय स्वराने सुरू झाला की धातूचे अंत्य व्यंजन बहुधा पुढील अक्षरात मिसळून लिहीत. त्यामुळे धातू डोळ्यांस दिसेनासा होई. मूळ रूप राखून लिहावे, असा पुरस्कार वैयाकरण जू शी-ग्यॉंग यांनी केला. १९१४ मध्ये ते निवर्तले. परंतु त्यांच्या शिष्यांनी तो विचार पुढे नेला, आणि १९३३ साली कोरियन भाषा-मंडळाने शुद्धलेखनाचे नियम त्याच धोरणाने ठरविले.

तो काळ जपानी अमलाचा होता. १९३८ साली शाळांत कोरियन विषय ऐच्छिक झाला. मंडळ मोठा शब्दकोश सिद्ध करीत असतानाच, १९४२ मध्ये, सभासदांची धरपकड सुरू झाली. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगातच मरण पावले. जप्त झालेले हस्तलिखित सप्टेंबर १९४५ मध्ये सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. कोशाचा पहिला खंड १९४७ साली निघाला, सहावा व अखेरचा १९५७ साली.

शिकणाऱ्याने यातून एवढे घ्यावे: कोशरूपाचा अखेरचा प्रत्यय बाजूस काढावा, उरलेला धातू पक्का करावा, मगच प्रत्यय जोडावेत. ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूसारखे काही धातू लेखनातही बदलतात. ते निराळे पाठ करावेत. एरवी केवळ कानावर विसंबून लिहू नये. कागदावर स्थिर दिसणारा तो धातू स्थिर राहावा, म्हणून माणसांनी कारावास पत्करला आहे.