स्वयंचलित चाचणी कॉल

दूरध्वनीवरच्या आवाजाची प्रत मोजण्यासाठी यंत्राने यंत्राला ठरावीक वेळी लावलेला कॉल. एक यंत्र क्रमांक लावते, दुसरे तो उचलते. मग आठ-दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रित वाक्य एकीकडून वाजवले जाते आणि पलीकडे पोहोचलेला आवाज मूळ मुद्रणाशी ताडून गुण दिले जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यासाठी २००१ मध्ये ‘पेस्क’ आणि २०११ मध्ये ‘पोल्का’ ही पद्धत प्रमाणित केली. गुणांची १ ते ५ ही श्रेणी माणसांना आवाज ऐकवून घेतलेल्या चाचण्यांवरून आली. मात्र सुटा गुण फारसे काही सांगत नाही. ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या जुन्या पट्टीतला निर्दोष कॉल ‘पेस्क’वर साडेचारच्या आसपास जातो, पण रुंद पट्टी गृहीत धरणाऱ्या ‘पोल्का’वर तोच बराच खाली येतो. म्हणून या कॉलचे खरे मोल त्याच मार्गावरच्या कालच्या कॉलशी तुलना करण्यात आहे. वाक्य, कोडेक (आवाज अंकीय रूपात बदलण्याची पद्धत), मोजपट्टी यांतले काहीही मध्येच बदलले, तर तुलना मोडते. दोन्ही दिशा वेगळ्या मोजाव्या लागतात आणि यंत्र सर्व्हरच्या खोलीत नव्हे, तर माणसे जिथून बोलतात तिथे बसवावे लागते.

यावर आक्षेप असा की, चालू कॉलमधली हरवलेली पाकिटे, म्हणजे जाळ्यातून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, मोजणे स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? पाकीट २० मिलिसेकंदांचे धरले तर दहा सेकंदांत ५०० पाकिटे जातात. त्यांतली पाच विखरून गेली तर फोन ती पोकळी बहुधा बेमालूम भरून काढतो. तीच पाच सलग गेली तर अख्खे अक्षर गडप होते. टक्केवारी दोन्हीकडे एकच! शिवाय शांतता ओळखून प्रक्षेपण थांबवणारी यंत्रणा उशिरा जागी झाली, तर ‘साठ’मधला क्षीण ‘स’ कापला जाऊन पलीकडे ‘आठ’ ऐकू येते आणि पाकिटांच्या हिशेबात काहीच हरवलेले नसते. हे पकडायला प्रत्यक्ष आवाजच ताडावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गुण ऐकण्याचे आहेत, संभाषणाचे नाहीत. ताडण्याआधी दोन्ही मुद्रणे जुळवून घेतली जात असल्याने विलंब हिशेबातून निसटतो, प्रतिध्वनीही निसटतो. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा ही संघाची शिफारस आहे. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात, तरी गुण उत्तमच राहतात. त्यामुळे त्याच चाचणी कॉलमध्ये विलंब आणि प्रतिध्वनी स्वतंत्रपणे मोजून गुणांशेजारी नोंदवावे लागतात.