मोटारीचा अलार्म दारांना आणि डिकीला जोडताना

बडनेरा, प्रतिनिधी : मुंबई-हावडा लोहमार्गावरील बडनेरा जंक्शनवरून लांब पल्ल्याची गाडी पकडणारे अमरावतीकर आपली मोटार स्थानक परिसरात उभी करून दोन-चार दिवस परगावी जातात. मागे राहिलेल्या वाहनाची काळजी असणे स्वाभाविकच. त्यामुळे कारखान्यातून सेंट्रल लॉकिंग न मिळालेल्या मोटारींना बाजारातील अलार्म बसवून घेण्याची पद्धत जुनीच आहे. मात्र सायरन वाजविणे हे या यंत्रणेचे सर्वांत सोपे काम होय. खरी कसोटी लागते ती दारांची कुलुपे व डिकी रिमोटच्या ताब्यात देताना.

दाराच्या पत्र्याआड बसणाऱ्या कुलुपाच्या मोटरला दोन तारा असतात. एकीला धन आणि दुसरीला ऋण मिळाले की कुलूप लागते; जोडणी उलटली की उघडते. विश्रांतीच्या वेळी दोन्ही तारा ऋणावर, म्हणजे मोटारीच्या चेसिसवर असतात. हा उलटफेर दोन रिले करतात. रिलेचे ३० क्रमांकाचे टोक मोटरच्या तारेला, ८७ हे फ्यूजमधून आलेल्या धन तारेला आणि ८७-ए चेसिसला जोडतात. ८५ व ८६ यांमधील कॉइलला अलार्मने क्षणभर, सेकंदापेक्षाही कमी वेळ, वीज दिली की काम होते. वीज अधिक काळ मिळत राहिली तर मोटर तापून जळते. अनेक अलार्मच्या डब्यात हे रिले आतच असतात.

चालकाच्या दारात मात्र बहुधा पाच तारांची मोटर असते. त्यांतील दोन शक्तीच्या. उरलेल्या तीन केवळ संकेत देणाऱ्या असून चालकाने किल्ली फिरविली हे त्या इतर दारांना कळवितात. मोटारीत मूळचे सेंट्रल लॉकिंग असेल तर बहुतेक वेळा या संकेत-तारांना ऋण स्पंद देणे पुरेसे असते. येथेच घाईचे काम अंगाशी येते. संकेताच्या तारेऐवजी मोटरच्या तारेला अलार्मचा धन प्रवाह थेट जोडला तर तो मूळ रिलेतून चेसिसकडे धावतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडाला तर नशीबच म्हणायचे. कोणी तेथे जाड तार घालून ठेवली असेल तर वायरिंगच पेटू शकते. तारांच्या रंगांवर विसंबून जोडणी करणे हा दुसरा घात. प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी आणि पिवळ्या वेष्टनातील एअरबॅगच्या तारांना हातही लावू नये.

डिकीची गोष्ट वेगळी. अनेक लहान मोटारींत डिकी चालकाच्या आसनाजवळील दांडीने, केबल ओढून उघडते. तेथे वेगळा सोलेनॉइड बसवावा लागतो आणि तो काही क्षणांकरिता बराच प्रवाह खेचतो. अलार्मकडून डिकीसाठी निघणारी तार बहुधा काही शे मिलिअँपिअरच पेलू शकते. ती सोलेनॉइडला थेट जोडल्यास अलार्मचा डबाच निकामी होतो. म्हणून मध्ये रिले हवा, त्याच्या कॉइलवर उलट्या दिशेने डायोड हवा आणि बॅटरीपासून येणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या जवळच, स्वतंत्र फ्यूज हवा. इग्निशन सुरू असताना हा मार्ग खंडित राहील अशीही सोय करून घ्यावी. अन्यथा खिशातील रिमोटचे बटण चुकून दाबले गेले की धावत्या मोटारीची डिकी उघडते. मूळची केबल वा किल्ली मात्र काढू नये. बॅटरी उतरली की तीच कामास येते.

वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. काही अलार्ममध्ये दार लावल्यावर थोड्याच वेळात आपोआप कुलूप लागण्याची सोय असते. किल्ली आत, मूल मागच्या आसनावर आणि पालक क्षणभर खाली उतरलेले, अशा वेळी ही ‘सोय’ जीवघेणी ठरू शकते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद मोटारीतील हवा काही मिनिटांतच त्याहून कितीतरी तापते. आपोआप सावध होणाऱ्या अलार्मचा कुलुपाशी असलेला संबंध बंद करून देण्यास कारागिराला स्पष्ट सांगावे. बहुतेक डब्यांत तशी निवड उपलब्ध असते.

दारातून आत जाणाऱ्या तारा रबरी नळीतूनच न्याव्यात. बाहेरून ओढलेली तार दाराच्या प्रत्येक उघडझापीत घासते, पावसाळ्यात तिचे आवरण फाटते आणि मध्यरात्री सायरन कोकलू लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ शांततेचा मानला आहे, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतेच!

बॅटरीचा हिशेबही करावा. अलार्म निजलेला असतानाही २० मिलिअँपिअर घेत असेल तर १५ दिवसांत सुमारे ७ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी ते सोसते, जुनी सोसेलच असे नाही.

विम्याच्या पूर्वीच्या अखिल भारतीय दरपत्रकात, पुण्याच्या ‘एआरएआय’ने मान्यता दिलेल्या चोरीरोधक उपकरणाकरिता स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सवलत होती. आजही खरेदीपूर्वी आपल्या विमा कंपनीकडे विचारणा करावी आणि बिलावर उपकरणाचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा. मोटार वॉरंटीत असल्यास मूळ तारा कापू न देता कपलरद्वारे जोडणी करून घ्यावी. तारा कापलेल्या दिसल्या की विजेच्या भागांवरील दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.