वेताळाला गाळा परवडत नाही

भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक गाळा आहे. आज तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मिळतात. १९८७ ते १९९३ या काळात त्याच्या निम्म्या भागात कॉमिक्सची लायब्ररी होती आणि उरलेल्या निम्म्यात पिको-फॉलची मशीन. लायब्ररी काका चालवत, मशीन काकू. हे काका नात्याचे नव्हेत. ते गिरणीत टाइमकीपर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीत परत गेले नाहीत आणि होते-नव्हते ते पैसे घालून भाईंदरला आले. आम्हीही त्याच सुमारास गिरगावातली खोली सोडून इकडे आलो होतो. दहावीच्या सुट्टीत मी संध्याकाळी त्यांच्या गल्ल्यावर बसायचो. पगार म्हणून हवी तेवढी कॉमिक्स फुकट वाचायची.

ही लायब्ररी बंद पडली तेव्हा सगळ्यांनी केबल टीव्हीला दोष दिला. मीही दिला. पुढे नोकरीत दुसऱ्यांचे हिशोब तपासता तपासता काकांची वही आठवू लागली आणि ते कारण पटेनासं झालं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांच्या वर गेली. म्हणजे मुलं कमी झाली नव्हती, गल्लोगल्ली वाढत होती. मग वाचणारी मुलं दारात येत असताना दुकान का गेलं? याचं उत्तर शोधायचं तर आपल्याकडे कॉमिक्स मुळात कुठे विकली जायची, ते पाहावं लागतं.

टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती. वेताळ, मँड्रेक आणि पुढे बहादूर हे नायक इंग्रजी, हिंदी, मराठीसह अनेक भाषांत घरोघरी गेले. या मालिकेच्या सुरुवातीला तिथेच काम करणाऱ्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसतर्फे अमर चित्र कथा काढली आणि १९८० मध्ये टिंकल. एवढा खप असूनही या काळात फक्त कॉमिक्स विकणारं दुकान मी मुंबईत पाहिलं नाही. ती मिळायची रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर, नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे, रद्दीच्या दुकानात, फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या फुटपाथवर आणि लायब्रऱ्यांत.

या जागांत एक गोष्ट समान आहे. कुठेही भाडं कॉमिक्स भरत नव्हती. १८७७ मध्ये अलाहाबादेत सुरू झालेल्या ए. एच. व्हीलरचे स्टॉल आपल्या लोकल स्टेशनांवर सर्वांना माहीत आहेत. त्यांचा संसार वर्तमानपत्रं आणि मासिकांवर चाले. दोरीला चिमट्याने लावलेलं इंद्रजाल हा वरचा धंदा, गाडीची वाट पाहणाऱ्या बापाकडे पोराने हट्ट केला की खपणारा. रद्दीवाल्याचं पोट वजनकाट्यावर. फुटपाथवाल्याला भाडं नव्हतं, पण पायाखालची जागाही त्याची नव्हती. महापालिकेची गाडी आली की पुस्तकं गोणीत. फाउंटनचे बरेचसे विक्रेते पुढे अशाच कारवाईत उठले.

अमेरिकेत हे वेगळं घडलं. तिथेही कॉमिक्स आधी पेपरच्या स्टॉलवरच मिळायची आणि न खपलेली परत जायची. १९७३ च्या सुमारास फिल स्यूलिंग या विक्रेत्याने प्रकाशकांशी नवा करार केला: माल परत करणार नाही, पण सवलत जास्त द्या. त्या वाढीव सवलतीवर फक्त कॉमिक्सची दुकानं उभी राहिली. त्यांना मोक्याची जागा लागत नव्हती, कारण वेड लागलेलं गिऱ्हाईक आडगल्लीतही शोधत येतं. आपल्याकडे न खपलेला जुना अंक दुकानदाराला जड होत नव्हता, तो रद्दीत जाऊन पुन्हा विकला जात होता. पण आपलं गिऱ्हाईक होतं दहा वर्षांचं, खिशात आठ आणे असलेलं. ते शोधत येत नाही. शाळेच्या वाटेवर दुकान असेल तरच आत शिरतं.

वाटेवरची जागा महाग असते. तरीही जुन्या मुंबईत अशा लायब्रऱ्या वर्षानुवर्षं टिकल्या, त्याचं कारण कायद्यात आहे. १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने आधीपासूनच्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकलं. गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक लायब्ररी होती. तिचा मालक महिन्याला जे भाडं भरायचा, त्यात माझ्या लहानपणी घरचा आठवड्याचा भाजीपालाही आला नसता. अशा जागेत पाच पैशांना गोष्ट भाड्याने देणं हा धंदा होऊ शकत होता. कायद्याची दुसरी बाजू सर्वांना ठाऊक आहे: मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचल्या, पागडी काळ्या पैशात फिरली. पागडीला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. पण त्या खचत्या जिन्याखाली दोन पिढ्या वाचायला शिकल्या, हेही त्याच कायद्याच्या खात्यावर मांडायला हवं.

स्वस्त जागा मात्र दुकानाला कायमचं वाचवत नाही. १९६२ मध्ये वॉर्डन रोडवर शेमारू नावाची पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी सुरू झाली. तिथली कॉमिक्स दक्षिण मुंबईतल्या एका पिढीला आजही आठवतात. १९७९ मध्ये शेमारूने व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि पुढे ती सिनेमाच्या धंद्यातली मोठी कंपनी झाली. यात कुणाचा दोष नाही. एका कॅसेटच्या जाडीत दहाएक कॉमिक्स मावतात. ती दहाही एका दिवशी बाहेर गेली, तरी कॅसेटच्या एका दिवसाच्या भाड्याची बरोबरी होणं कठीण. ज्याने एकदा फळीच्या लांबीने हिशोब केला, त्याने कॉमिक्स खाली उतरवली.

भाईंदरला तर जिन्याखालच्या त्या जुन्या भाड्याचा आधारही नव्हता. इथल्या नव्या इमारती ओनरशिपच्या. खालचे गाळे गुंतवणूक म्हणून घेतलेले, मालक बहुतेक दुसरीकडे राहणारा. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट वेगळं. गिरगावच्या जिन्याखालचा माणूस पिढीचा विचार करत असे, काका अकरा महिन्यांचा.

वहीतले आकडे मला पाठ आहेत, कारण ते मीच लिहीत होतो. कॉमिकला रोजचे पन्नास पैसे. दिवसाला साधारण साठ कॉमिक्स जात. महिन्याचे झाले नऊशे रुपये. नवी कॉमिक्स, गोंद, चिकटपट्टी आणि प्लास्टिकची वेष्टनं यांत अडीचशे. उरले साडेसहाशे. गाळ्याचं भाडं सुरुवातीला सातशे. म्हणजे लायब्ररी स्वतःचं भाडंही पुरतं काढत नव्हती. वरचे पन्नास आणि घरचं धान्य काकूंची मशीन काढायची. स्टेशनवर जे वर्तमानपत्रांचं होतं, तेच इथे पिको-फॉलचं.

दर अकरा महिन्यांनी भाडं वाढत गेलं. वाढणारच होतं. आजूबाजूला इमारती उठत होत्या, रस्त्यावर वर्दळ आली होती, गाळ्यासाठी मेडिकलवाले आणि मिठाईवाले विचारून जात होते. १९९३ मध्ये मालकाने दोन हजार मागितले. लायब्ररीच्या मिळकतीत ते बसवायचे, तर रोज साठऐवजी दीडशे कॉमिक्स जायला हवी होती. दर रुपया करून पाहिला. तेव्हा पोरांनी वर्गणी काढून एक कॉमिक चौघांत वाचायला सुरुवात केली. खिसा दहा वर्षांच्या मुलाचा आणि जागा मोठ्यांच्या बाजारातली, हे गणित सुटणारं नव्हतं. ज्या वस्तीतून वाचक येत होते, तीच वस्ती भाडं वाढवत होती.

काकूंची मशीन घरी गेली, दुसऱ्या मजल्यावर. गिऱ्हाइकं जिना चढून आली, कारण साडीला फॉल लावून घ्यायचाच असतो. काकांनीही पलंगाखाली कॉमिक्सची खोकी ठेवून, दारावर पाटी लावून पाहिलं. पहिल्या आठवड्यात अकरा मुलं आली, महिनाअखेरीस दोन. मुलं आळशी झाली नव्हती. शाळेतून येताना दिसत नव्हतं, एवढंच.

सरकारी मदतीचा रस्ता नव्हता का? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान मिळतं, पण ते मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयांना. पन्नास पैसे घेऊन वेताळ देणारा माणूस दुकानदारच. इंद्रजाल तर १९९० मध्येच बंद झालं होतं. म्हणजे फळीवरचा माल परत मिळणाराही नव्हता. हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

खोकी रद्दीवाल्याकडे मीच पोचवली. चोपन्न किलो भरली. काका काट्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "दोन-चार ठेव की तुला," म्हणाले. मी नको म्हणालो. कॉलेजात होतो, कॉमिक्स वाचायचं वय गेलं असं वाटत होतं. आज जुनी इंद्रजाल जमवणारे लोक एकेका अंकाला जो भाव देतात तो पाहून लोक हळहळतात. मला हळहळ भावाची वाटत नाही. काकांना ती कुणाच्या तरी घरात राहायला हवी होती आणि ते मला कळलं नाही.

आता कॉमिक्स घरून विकली जातात, विक्रेत्याच्या बेडरूममधून कुरियरने. २०११ पासून कॉमिक कॉन भरतं, तिथे दोन-तीन दिवसांपुरता स्टॉल भाड्याने घेता येतो. ज्यांना माहीत आहे त्यांना सगळं मिळतं. वाटेवर अचानक काही दिसून आत शिरणारा मुलगा मात्र या व्यवस्थेत कुठे बसत नाही.

गेल्या महिन्यात चार्जर घ्यायला त्या गाळ्यात गेलो. काकांची फळी होती त्या भिंतीवर कव्हरं टांगलेली होती, कॉमिक्सच्याच जाडीची. एक मुलगा दप्तर पाठीवर घेऊन स्पायडरमॅनचं कव्हर निरखत उभा होता. दुकानदाराने किंमत सांगितली, दीडशे. त्याने ते जागेवर नीट लावून ठेवलं आणि बाहेर पडला.