वाजिब-उल-अर्ज व झाडींतलीं वाढतीं गांवें

चांद्याच्या इतिहासासंबंधीं आजवर जें लेखन झालें, त्यांत गोंड राजांचे किल्ले व नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या यांस भरपूर स्थान मिळालें आहे. परंतु वैनगंगेच्या दोन्ही कांठांवरील झाडींतलीं गांवें आपला कारभार कसा चालवीत, सरपण, पाणी व घराची जागा कोणास कोणत्या हक्कानें मिळे, याचा विचार क्वचितच होतो. या विषयाचें अस्सल साधन म्हणजे गांवोगांवचे वाजिब-उल-अर्ज. संग्राहकांचें लक्ष तिकडे वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु.

नागपूरचें राज्य इ. स. १८५४ त खालसा झालें. पुढच्या दशकांत मेजर ल्यूसी स्मिथ यानें चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त केला. त्याचा अहवाल १८६९ चा आहे. या बंदोबस्तानें मालगुजारांस गांवाची मालकी दिली. मालकी नवी, पण रयतेची वहिवाट जुनी. म्हणून गांवरूढि लिहून ठेवणें प्राप्त झालें. तलावाचें पाणी, शेताची वाट, चराई, सरपण व इमारती लांकूड, आबादींतील घराची जागा, अशा बाबी या कागदांत येतात. यांपैकीं जंगल व पडीत जमीन यांच्या उपभोगास 'निस्तार' म्हणतात. मुकद्दम व कोतवाल यांचा रोजचा कारभार याच रूढीच्या आधारें चाले.

पुढें कारभाराचें रूप वारंवार पालटलें. चांदा शहरास १८६७ तच नगरपालिका मिळाली. खेड्यांच्या वाट्यास १८८३ च्या कायद्याचीं लोकल बोर्डें आलीं. गडचिरोली १९०५ त तहसिलीचें ठाणें झाली. १९४८ त जनपद सभा आल्या, १९५१ त मालगुजारी गेली, १९६२ त जिल्हा परिषद आली, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. संस्था बदलल्या, निस्तार टिकला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंस स्वतंत्र कलमें आहेत, व २००६ च्या वनहक्क कायद्यांतहि निस्ताराचा स्पष्ट उल्लेख आहे.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास त्या कायद्यान्वयें २००९ त सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उलट, खुद्द धानोरा व उत्तरेकडील कोरची येथें २०१५ त ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. रस्ते व दिवे पाहणारी संस्था मोठी झाली. परंतु जंगलावरील जुना हक्क आतां कोणी व कशाच्या आधारें सांगावा, हा प्रश्न अशा प्रत्येक वाढत्या गांवापुढें उभा राहतो. आधाराचा एक भाग तरी या कागदांत आहे, असें आमचें मत आहे.

कागद वाचतांना मात्र एक सावधगिरी हवी. गांवांत मालगुजाराचा शब्द वजनदार असे. तेव्हां एखाद्या वहिवाटीचा उल्लेख आढळला तर तो बळकट पुरावा. न आढळला तर ती नव्हतीच, असें अनुमान काढूं नये.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, जुन्या मालगुजारी वाड्यांतून असें दफ्तर हातीं आल्यास रुमाल फोडून सुटे कागद वाटूं नयेत. गांव, तहसील व बंदोबस्ताचें साल नोंदवून एक नक्कल त्या गांवास अवश्य द्यावी. आमच्या दृष्टीनें जें ऐतिहासिक साधन, तें तेथील रहिवाशांस उद्यांच्या सरपणाची सनद ठरूं शकतें.