भारतथेरियम : गोकाकच्या गाळात दात ठेवून गेलेला प्राणी

बेळगाव-वेंगुर्ले मार्गावरील उचगावच्या शिवारातून वाहणारी मार्कंडेय नदी पूर्वेकडे जाऊन गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. उचगावपासून साठ-सत्तर किलोमीटरवरील गोकाकचा धबधबा सर्वांना परिचित आहे. त्याच गोकाकच्या परिसरातील खडकांत, अखेरच्या डायनोसॉरांच्या काळात वावरणाऱ्या एका लहानशा सस्तन प्राण्याचे दात सापडले आहेत, ही गोष्ट मात्र सीमाभागात फारशी कोणाला ठाऊक नाही. या प्राण्याचे शास्त्रीय नाव भारतथेरियम बोनापार्टी.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थर एकामागून एक पसरत होते. बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्यापासून नागपूरपर्यंत आढळणारा काळा पाषाण त्याच लाव्हाचा आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचत, झाडी वाढे, प्राणी येत. पुढचा लाव्हा आला की तळ्यातील गाळ त्याखाली झाकला जाई. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या या गाळाला भूशास्त्रात अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. भारतथेरियमचे अवशेष अशाच थरांतून मिळाले आहेत.

हे जीवाश्म डोळ्यांना सहज दिसत नाहीत. गाळाची माती पोत्यांनी आणून पाण्यात भिजवतात, बारीक चाळण्यांतून धुतात आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. या चिकाटीच्या कामातून आजवर या प्राण्याचे वर्णिले गेलेले दात अवघे आठ : सात दाढा आणि एक पटाशीचा दात. दाढांची उंची ६ ते ८.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढी. त्यांची स्थळेही परस्परांपासून दूर आहेत : तेलंगणातील नस्कल, कर्नाटकातील गोकाक आणि मध्य प्रदेशातील किसलपुरी.

पहिला दात १९८९ मध्ये नस्कल येथे मिळाला व १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नामकरण मात्र २००७ मध्ये झाले, तेही दोनदा. जी. व्ही. आर. प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी किसलपुरीच्या दातावरून भारतथेरियम बोनापार्टी हे नाव दिले. त्याच वर्षी जी. पी. विल्सन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दास शर्मा व अनंतरामन यांच्यासह नस्कल व गोकाकच्या दातांवरून दक्षिणा जेडेरी हे नाव प्रसिद्ध केले. येथे दक्षिणा हा शब्द दाक्षिणात्य या अर्थी योजला होता. दोन्ही नावे एकाच प्राण्याची असल्याचे प्रसाद यांनी २००८ मध्ये दाखवून दिले आणि भारतथेरियम हे नाव कायम राहिले. नावातील बोनापार्ट म्हणजे फ्रान्सचा सम्राट नव्हे. ते अर्जेंटिनाचे जीवाश्मतज्ज्ञ होसे बोनापार्ट होत. या प्राणिगटाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी ते एक.

आठ दातांचे एवढे महत्त्व का? शेतकरी बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगतो. अभ्यासक दातांवरून आहार व आप्तसंबंध ओळखतो. भारतथेरियमच्या दाढा उंच व वक्र असून काहींच्या मधोमध खोल खळगा आहे. घोडा किंवा गाय यांच्यासारख्या, दात झिजवणारा चारा खाणाऱ्या प्राण्यांच्या दाढा अशाच उंच असतात. त्या काळी भारतात गवत होते, याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेतून २००५ मध्ये पुढे आला. भारतथेरियम गवतच खात असे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आप्तसंबंधांची कथा अधिक विलक्षण आहे. हा प्राणी ज्या गोंडवनाथेर गटातील, त्याचे अवशेष अर्जेंटिना व मादागास्कर येथेही मिळतात. मादागास्करमधील अदालाथेरियमचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा २०२० मध्ये वर्णिला गेला. तो प्राणी मांजराएवढा होता. भारत मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी अलग झाला. तरीही दोन कोटी वर्षांनंतर गोकाकच्या तळ्याकाठी त्याच कुळातील प्राणी वावरत होता. दक्षिणेकडील खंड एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धान्ताला या इवल्या दातांनी बळ दिले. दक्षिण अमेरिकेत हा गट डायनोसॉरांच्या विनाशानंतरही काही काळ तगून होता. आज मात्र त्याचा एकही वंशज जिवंत नाही.

अंतरा-ट्रॅपी थर बहुधा पातळ असतात. दगडाच्या खाणीत, विहिरीच्या खोदकामात किंवा रस्त्याच्या कामात असा थर दिवसभरात नाहीसा होऊ शकतो, आणि त्याबरोबर एखाद्या प्राण्याचा एकमेव पुरावाही. काळ्या पाषाणामध्ये हिरवट वा करड्या मातीचा पट्टा आणि त्यात गोगलगायीच्या शंखांसारखे अवशेष दिसले, तर ते फोडू नयेत. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. भारतथेरियमचे ज्ञान आठ दातांपुरते आहे. नववा दात कोणत्या बांधावर निघेल, हे आधी कोणालाच सांगता येणार नाही.