गच्चीवरची गादी

जयपूरच्या मानसरोवरमध्ये, हाउसिंग बोर्डाच्या या भल्यामोठ्या वसाहतीत, उन्हाची कमतरता नाही. तरी मुलाची गादी मी पहाटेच गच्चीवर टाकत असे, शेजारच्या भाभी पापड वाळत घालायला यायच्या आत. मुलगा नऊ वर्षांचा. कुणी विचारलंच तर "पाणी सांडलं" म्हणायचं, हे आम्हा मायलेकांचं ठरलेलं. एका सकाळी मात्र माझाच तोल गेला. "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" त्या रात्री जेवताना त्याने पाण्याला हात लावला नाही.

मग मी या दुखण्याचा इतिहास शोधू लागले.

शार्ङ्गधरसंहितेत शय्यामूत्राची गणना बालरोगांत आहे. रोगांत, खोड्यांत नव्हे. इंग्लंडमध्ये टॉमस फेयर या वैद्याने सोळाव्या शतकात मुलांच्या आजारांवरच्या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्याचा उपाय विचित्र होता: कोंबड्याच्या नरड्याची भुकटी. पण निदान सरळ होतं. मूत्राशयाची धरून ठेवण्याची शक्ती कमी पडते आणि लघवी इच्छेविरुद्ध होते.

म्हणजे कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. तरीही बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला एरिक ब्लेअर, पुढचा जॉर्ज ऑर्वेल, १९११ साली इंग्लंडच्या निवासी शाळेत गेला, तेव्हा आठ वर्षांच्या त्या पोराने गादी ओली केली म्हणून मार खाल्ला. आपल्या हातात नसलेलं पापही आपल्याच नावावर जमा होतं, हे तो तिथे शिकला.

त्याआधीच, १९०४ साली, ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी रुग्णालयात ओलाव्याने वाजणारी घंटा बसवली होती. चादर कधी बदलायची ते परिचारिकांना कळावं, एवढाच हेतू. पण काही मुलं त्या घंटेमुळे कोरडी राहू लागली. १९३८ साली अमेरिकेत माउरर दांपत्याने त्याचीच उपचारपद्धती केली.

मला थांबवलं ते आनुवंशिकतेच्या आकड्यांनी. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७.

मी साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. "आई, हे लहानपणी कधी...?"

त्या जरा थांबल्या. "अगं, सातवीपर्यंत. पण मी सांगितलं म्हणू नकोस हं."

नवरा समोरच बसला होता. त्या रात्री मुलाला त्याने स्वतःच सांगितलं. पोरगं बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलं. मग विचारलं, "बाबा, तुला कोण ओरडायचं?"