मालिशवाले, पायाळू आणि फिजिओथेरपिस्ट : एका व्यवसायाला नाव कसे मिळाले

(१)
सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास हा सारा रस्ता भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांनी भरून जातो. वाट सुमारे ४५ किलोमीटरची. पोटऱ्या भरून आल्या की कोणी सेवेकरी पाय चेपून देतो. तो हे कोठे शिकला, असे त्या रात्री कोणी विचारत नाही.

(२)
गावगाड्यातही ते विचारले जात नसे. पाय मुरगळला तर तालमीतला वस्ताद, हाड सरकले तर हाडवैद्य, पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ! यांपैकी कोणाजवळ प्रमाणपत्र नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. गाव त्याला तीन पिढ्यांपासून ओळखत असे. हात चुकला तर बोभाटा दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर होई.

(३)
अडचण शहरात उभी राहते. तेथे उपचार करणारा अनोळखी आणि रुग्णही अनोळखी. मग ‘या हातांवर विश्वास ठेवा’ असे सांगायचे कोणी? फिजिओथेरपीच्या व्यावसायिक संघटनांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ एका बदनामीतून झाला.

(४)
१८९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने लंडनमधील मालिशगृहांविषयी खळबळजनक मजकूर छापला. मालिशच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो, असा त्याचा आशय होता. रुग्णालयांत प्रामाणिकपणे अंगमर्दनाचे उपचार करणाऱ्या परिचारिका त्यामुळे विनाकारण संशयाच्या फेऱ्यात सापडल्या. ल्यूसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूजेस’ स्थापन केली.

(५)
तिचे नियम आज वाचताना कठोर वाटतात. डॉक्टरच्या सूचनेवाचून मालिश करायचे नाही. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कोठेही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधे विकायची नाहीत. पुरुषांना सरसकट मालिश नाही. अपवाद फक्त डॉक्टरने नेमून दिलेल्या रुग्णाचा. पण या जाचातच सदस्यत्वाचा खरा लाभ होता. परीक्षा उत्तीर्ण होऊन नियम पाळणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी आता संस्थेचे नाव होते. तिची अब्रू ही एकटीची बाब राहिली नाही. कायद्याने अद्याप काहीही दिले नव्हते. जे मिळाले ते परस्परांनी परस्परांना घातलेल्या बंधनातून मिळाले.

(६)
पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांनी या विद्येचे मोल सिद्ध केले. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, आणि १९४४ मध्ये तिच्या नावात प्रथमच ‘फिजिओथेरपी’ हा शब्द आला.

(७)
आता मुंबई. येथे निमित्त बदनामीचे नव्हते, पोलिओचे होते. साथ ओसरली तरी लुळे पडलेले पाय मागे राहत, आणि त्यांना पुन्हा चालते करणारे प्रशिक्षित हात देशात जवळजवळ नव्हतेच. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, विद्यालय सुरू झाले. त्यानंतर थोड्याच काळात तेथेच राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीचेही विद्यालय उभे राहिले.

(८)
यांतील पहिल्या विद्यालयाच्या संस्थापक कमलाबाई निंबकर. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथीय घराण्यातल्या, आणि विवाहाने मराठी. विद्यालय काढून त्या थांबल्या नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी अखिल भारतीय संघटना स्थापन केली. शिकून बाहेर पडलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजता येईल अशा काळात संघटना कशाला, असे कोणालाही वाटले असते. पण त्याच वर्षी व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ आकाराला येत होता, आणि भारत त्याचा संस्थापक सदस्य झाला. संघटना नसती तर त्या बैठकीत भारताच्या नावाने बसले असते कोण?

(९)
शेजारच्या फिजिओथेरपिस्टांनीही हा मार्ग धरला. १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ स्थापन झाली. योगायोग असा, की पोलिओची साल्क लस परिणामकारक असल्याची घोषणा अमेरिकेत त्याच वर्षी झाली. ज्या रोगामुळे हा व्यवसाय येथे रुजला त्याच्या अंताचा आरंभ झाला होता. व्यवसाय मात्र पक्षाघात, अपघात आणि गुडघेदुखीकडे वळून वाढतच गेला.

(१०)
या क्षेत्राच्या जागतिक महासंघाची स्थापना १९५१ मध्ये कोपनहेगन येथे ११ राष्ट्रीय संघटनांनी केली होती. त्याचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे : एका देशाची एकच संघटना सदस्य होऊ शकते, सुटी व्यक्ती नाही. सोलापुरातला एखादा उपचारक कितीही निष्णात असो, त्या मंडळात त्याचा आवाज जाणार तो राष्ट्रीय संघटनेमार्फतच.

(११)
आणि कायदा? तो फार उशिरा आला. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा. संघटनेनंतर जवळजवळ अर्धशतकाने. संसदेचा कायदा तर २०२१ चा. येथे एक गल्लत टाळावी. परिषदेत नोंदणी कायद्याने बंधनकारक असते, संघटनेचे सदस्यत्व स्वेच्छेचे. परिषद प्रथम रुग्णाचे हित पाहते. व्यावसायिकाची बाजू मांडणे हे तिचे काम नव्हे. ते संघटनेनेच करायचे.

(१२)
ही बाजू मांडण्याची वेळ अगदी अलीकडेही आली. फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले. विषयाची अधिक छाननी आवश्यक असल्याचे सांगून दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. लंडनच्या त्या चौघींच्या वेळी भांडण ‘मालिश’ या शब्दाच्या अब्रूचे होते. १३१ वर्षांनंतर ते ‘डॉक्टर’ या शब्दाच्या हक्काचे झाले आहे, आणि अजून मिटलेले नाही.